सरांच्या नावानं

समीक्षा पाचव्या मुद्द्यावर आली होती तेव्हा ते पत्र तिच्या नजरेस पडलं. सोमवार होता, सकाळचे पावणेदहा. बायकांच्या एका वेबसाइटला तिच्याकडून लेख हवा होता, घरून काम करताना शिकलेल्या आठ गोष्टी, आणि पहिल्या चार तिनं सपासप लिहून टाकल्या होत्या. सकाळी उठल्यावर घरातले कपडे बदला. घरातला एक कोपरा फक्त कामाचा ठेवा, मग तो फ्रिजच्या आडोशाला का असेना. घरच्यांना एकदाच नीट सांगा, की घरी असणं म्हणजे रिकामं असणं नव्हे. दाराची बेल वाजली तरी हातातलं वाक्य पुरं करूनच उठा. पाचवा मुद्दा तिच्या हातखंड्याचा होता: ज्याच्यासाठी लिहिता त्याचा आवाज आपलासा करा. एवढं टाइप झालं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात, ती ज्यांच्याकडे काम करायची त्या मार्तंड सरांच्या मेलमध्ये काहीतरी नवं आल्याची खूण तिला दिसली. तिनं सवयीनं ते उघडलं.

'सर नमस्कार. तुमचं उत्तर पोचलं. तीन वेळा वाचलं. बायकोला पण वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात तसं करतो. चार दिवस घरी बसलो होतो पण आज वर जातो. अंधेरीला एमआयडीसीत सेंट्रल रोडला निळ्या काचेची बिल्डिंग आहे, बावीस माळे, तिच्या काचा पुसायचं काम आजपासून चालू होतंय. तुमचं ऑफिस अंधेरीलाच आहे असं वेबसाइटवर बघितलं. खिडकीतून दोरीवर दिसलो तर हात करा. आपला आभारी, रामनाथ तोरस्कर, मानखुर्द.'

तिनं ते एकदा वाचलं आणि नेहमीसारखं उत्तर द्यायला बोटं उचलली. 'प्रिय मित्रा' इतकं लिहूनही झालं. मग बोटं थांबली. दोरीवर. हा शब्द ती पुन्हा वाचायला गेली. कसलं उत्तर? काय सांगितलं होतं आपण या माणसाला? तिला काहीच आठवेना. महिन्याला शे-दीडशे माणसं सरांना लिहीत. नवरा बोलत नाही, मुलगा अभ्यास करत नाही, झोप लागत नाही, जगण्यात राम वाटत नाही. सर स्वतः व्याख्यानं देत, शिबिरं घेत. पत्रं वाचायला त्यांना वेळ नसे. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिला कामावर घेतलं ते वेळापत्रक सांभाळायला आणि तिकिटं काढायला. मग एकदा गर्दीत तिनं एक उत्तर लिहून दिलं. सरांनी ते वाचून फोन केला होता: 'समीक्षा, हे मी लिहिलंय असंच वाटतंय मला.' तेव्हापासून सगळी उत्तरं तीच लिहीत असे. खाली नाव सरांचं. सासूबाई शेजारणीला सांगत, 'आमची सून कम्प्युटरार लोकांची पत्रां लिवता,' आणि समीक्षाला त्या वाक्याचं हसू येई. तिच्या कामाच्या व्हर्च्युअल असिस्टंट या इंग्रजी नावापेक्षा ते किती बरोबर होतं, हे तिला आता कळत होतं.

पाठवलेल्या पत्रांमध्ये तिनं त्याचं नाव शोधलं. पाच दिवसांपूर्वीचं होतं. 'प्रिय मित्रा, भीतीकडे पाठ केली की ती मागे लागते. तिच्याकडे तोंड करा. वर जायची वेळ येईल तेव्हा मान ताठ ठेवून जा. पहिलं पाऊल तेवढं तुम्ही उचला, पुढचं आपोआप पडतं. मी तुमच्या सोबत आहे. तुमचा, मार्तंड.' छान उतरलं होतं. वाक्यं कशी आखूड, ठाम, सर व्यासपीठावर दोन बोटं उचलून बोलतात तशी. तिनं खाली सरकून त्याचं मूळ पत्र उघडलं. फोनमध्ये बोलून टाइप केलेलं असावं. कुठे स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, सगळं एका दमात. 'सर मी चौदा वर्षं एकाच लाइनीत आहे कधी भीती माहीत नव्हती आता दोन महिने झाले वर जायची वेळ आली की पाय कापतात घाम सुटतो सुपरवायझर ओरडतो रजा घेऊ का कळत नाही.' एवढं तिला आठवलं. हे तिनं नक्की वाचलं होतं. त्या वेळी बेल वाजली होती, गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला होता, ती उठली होती. परत येऊन बसली तेव्हा मनात उत्तर तयारच होतं. पत्र मात्र तिथे संपत नव्हतं. 'आणि डाव्या कानात शिटी वाजते मग सगळं गरगर फिरतं उलटीसारखं होतं परवा घरी जेवता जेवता पण झालं पंधरा मिनिटं जमीन कुठे ते कळेना कोणाला सांगितलं नाही कामावरून काढतील.'

ही भीती नव्हतीच. हा आजार होता, आणि तिनं त्याला धीर दिला होता.

'वर' म्हणजे काय, याचा तिनं क्षणभरही विचार केला नव्हता. का केला नव्हता, तेही तिला आता लख्ख दिसलं. अंधेरीच्या ज्या ऑफिसात तिनं नऊ वर्षं काढली तिथे साहेब सातव्या मजल्यावर बसत आणि बाकी सगळे सहाव्यावर. 'तुला वर बोलावलंय' असं कोणी येऊन म्हटलं की तिचे हात गार पडत. जिन्याच्या चौदा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला ती काय चुकलं असेल ते आठवत जाई. शेवटच्या वेळी वर गेली तेव्हा साहेबांनी खुर्ची पुढे केली होती, पाणी दिलं होतं, आणि त्या पाण्यावरूनच तिला कळलं की नोकरी गेली. तेव्हा मान ताठ ठेवायला कोणी सांगितलं असतं तर. तोरस्करांना तिनं जे लिहिलं ते खरं तर त्या जिन्यावरच्या बाईला लिहिलं होतं. चार ओळी, मनापासून. बावीस मजल्यांवर दोरीला लटकणाऱ्या माणसाला ती म्हणाली होती, पहिलं पाऊल उचला.

पत्र सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आलेलं होतं. आता दहाला पाच कमी होते. तिनं लिहिलं, 'आज वर जाऊ नका. ही भीती नाही, कानाचा आजार असू शकतो. आधी डॉक्टरला दाखवा. कृपा करून वर जाऊ नका.' पाठवलं. मग स्क्रीनकडे बघत बसली. हातात फडकं नि साबणाचं पाणी असलेला माणूस कशाला बघेल मेल? फोन नंबर त्यानं दिला नव्हता. तिनं सरांना फोन लावला. सर लोणावळ्याला शिबिरात होते. तिसऱ्या वेळी उचलला.

'बोल समीक्षा. चहाची सुट्टी आहे, पाचच मिनिटं.'

तिनं सांगितलं. दोन्ही पत्रं एका दमात वाचून दाखवली.

'हे बघ, आधी शांत हो,' सर म्हणाले. आवाज नेहमीचाच, भरदार, मायाळू. 'आपण उत्तरं देतो, उपचार करत नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ना तसं?'

'सर, तो माणूस आज दोरीवर चढणार आहे.'

'लोक लिहितात गं. सगळेच करतात असं नाही.'

'त्यानं करतो म्हणून लिहिलंय. तुमच्यावर विश्वास ठेवून.'

पलीकडे जरा वेळ कपबशांचा आवाज आला. मग सर म्हणाले, 'तू काळजी करतेस हे चांगलं आहे. तेच तुझ्या लिहिण्यात उतरतं. पण एक लक्षात ठेव, पत्रं कोण लिहितं हे बाहेर जायचं नाही. तेवढं आपलं ठरलंय. संध्याकाळी बोलू आपण.'

फोन बंद झाल्यावर तिला जे वाटलं ते रागापेक्षा वेगळं होतं. सरांचं एकेक वाक्य तिला आधीच माहीत होतं. तिनंच लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

ती उठली. घरातल्याच कुर्त्यावर ओढणी घेतली, पायांत चपला सरकवल्या. सासूबाई, शेवंतीबाई, खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ही बाई या वेळी खुर्चीतून उठत नाही, हे त्यांना चार वर्षांत पाठ झालेलं.

'खंय चललंस गो?'

'अंधेरीला. येते.'

'अशी? काय झाला? राजेशाक काय झाला नाय मा?' लसणाची पाकळी त्यांच्या हातातच राहिली. समीक्षाचा नवरा राजेश भाईंदरला एका कारखान्यात होता आणि घरातली कोणतीही घाई सासूबाईंच्या मनात आधी त्याच्याकडेच धावे.

'नाही हो आई, राजेश बरा आहे. माझ्या कामाचं आहे.'

'कामाचा? तुझा काम तर हयच असता,' त्या फ्रिजच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाल्या.

दहिसरहून मेट्रो सुटली तेव्हा डब्यात बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, पण तिला बसवेना. ती दाराच्या काचेला कपाळ टेकून उभी राहिली. चार वर्षांत ती एकटी अशी कुठे गेली होती? बाजार, बँक, सासूबाईंचा दवाखाना. एवढ्याच वर्तुळात तिचं शरीर फिरत होतं आणि उरलेली ती, बोलणारी, धीर देणारी, ठाम, ती सगळी सरांच्या नावानं बाहेर जात होती, कधी मानखुर्दला, कधी मुलुंडला, कधी कुठल्या गावाला. आपण पाठवलेली वाक्यं लोकांच्या घरात पोचल्यावर काय करतात, हे तिनं कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. कोणी त्यातलं वाक्य वाचून घर सोडलं असेल. कोणी सोडायचं ते सोडलं नसेल. कोणी भावाशी बोलणं टाकलं असेल. पुष्कळ जण उलट लिहीतच नसत, आणि ती समजे, की बरं झालं असेल. आता त्या सगळ्या गप्प राहिलेल्या माणसांची तिला एकदम भीती वाटली. मागाठाणे गेलं, आकुर्ली गेलं. गाडी हमरस्त्याच्या वरून चालली होती आणि दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती येत होत्या. तिला दोरीवरची पहिली माणसं दिसली दिंडोशीच्या आसपास: एका करड्या भिंतीवर दोन ठिपके, एकाचा हात इकडून तिकडे हलतोय. मग पुढे अजून एक. मग एका इमारतीवर तिघे, एकाखाली एक. हे सगळे इथे कधीपासून होते? की रोजच असतात? ती एकेका ठिपक्याकडे बघत म्हणत होती, तू नाही ना, तू नाही ना. आणि इमारत मागे पडली की दुसऱ्या क्षणाला तो ठिपका सुटून खाली आला असेल असं वाटून मान वळवत होती.

एक आठवण वर आली, तिला नको असताना. सहाव्या मजल्यावरच्या ऑफिसात एका दुपारी ती डबा खात असताना खिडकीबाहेर आधी दोन बूट उतरले, मग गुडघे, मग एक माणूस. मधे फक्त काच. त्यानं आत बघितलं आणि ओळखीचं असल्यासारखा हसला. तिच्या मैत्रिणीनं, लतानं, 'शी, जेवतानासुद्धा' असं म्हणून पडदा ओढला होता. समीक्षा हसली होती. पडद्यामागे फडक्याचा ओला आवाज बराच वेळ येत राहिला. ते तोंड कसं होतं? वय किती होतं? चौदा वर्षं एकाच लाइनीत, म्हणजे तो तोरस्करही असू शकला असता. नसेलही. पण तिनं त्या रिकाम्या चेहऱ्याच्या जागी त्याला बसवून टाकलं आणि मग तिला तो काढता येईना.

गुंदवलीला उतरून तिनं रिक्षा केली. सेंट्रल रोडवर निळ्या काचेच्या तीन इमारती होत्या. पहिलीच्या भिंती मोकळ्या होत्या. दुसरीच्या खाली पिवळी पट्टी बांधून पदपथ अडवला होता आणि पट्टीच्या आत बादल्या, दोरांची वेटोळी. समीक्षानं वर बघितलं. ऊन काचेवरून परतून सरळ डोळ्यांत आलं. हाताचा आडोसा करून बघितलं तेव्हा कुठे, खूप वर, एका लहानशा फळीवर बसलेला माणूस दिसला. फळीखाली पाय मोकळे होते. ते पाय हलत नव्हते. तो फडकं फिरवतोय की नुसता बसलाय, तेही कळेना.

पट्टीपाशी गळ्यात शिटी आणि हातात वॉकीटॉकी घेतलेला एक जाडसर माणूस उभा होता. तिनं विचारलं, 'वर तोरस्कर आहेत का? रामनाथ तोरस्कर?' आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा विचारावं लागलं.

'हो. का?'

'त्यांना खाली बोलवा. आत्ता. लगेच.'

'ओ मॅडम, ती काय लिफ्ट आहे? आताच बसलाय तो, पाऊण तास पण नाय झाला. काम काय आहे? तुम्ही कोण?'

तुम्ही कोण. मार्तंड सरांच्या ऑफिसातून आले असं म्हणायचं नव्हतं. तेवढं ठरलं होतं. त्याला चक्कर येते असं म्हटलं तर त्याची नोकरी जाईल. त्यानंच लिहिलं होतं, कोणाला सांगितलं नाही. खरं काहीही बोलायला तिच्याकडे जागा नव्हती. दिवसभर दुसऱ्याच्या नावानं बोलणाऱ्या तिला इथे एकही नाव सापडेना, आणि वर ते दोन पाय तसेच लोंबत होते.

'बहीण आहे मी त्यांची,' ती म्हणाली. 'घरून आलेय.'

त्या माणसाचा चेहरा बदलला. त्याचं नाव खंडू, हे तिला नंतर कळलं. त्यानं पुढे काहीच विचारलं नाही, वॉकीटॉकी तोंडापाशी नेला. 'वर कोण आहे? रामनाथला सांगा उतरून ये. त्याची बहीण आलीय. हां, बहीण. घरनं आलीय. अर्जंट.'

शब्द वर गेले. गच्चीवरून कोणीतरी वाकलं, ओरडलं. फळीवरच्या माणसानं आधी वर बघितलं, मग खाली. इतक्या उंचावरूनही समीक्षाला ते बघणं कळलं, आणि त्याच क्षणी आपण काय केलंय तेही कळलं. घरून कोणी असं कामावर धावत येतं ते एकाच कारणासाठी. सासूबाईंच्या हातात राहिलेली ती लसणाची पाकळी तिला आठवली.

तो उतरायला लागला. नुसता उतरेना, सुटल्यासारखा येऊ लागला. दोर सोडायचा, थांबायचा, पुन्हा सोडायचा, आणि प्रत्येक वेळी फळी भिंतीपासून लांब जाऊन परत काचेवर आपटायची. त्याची बादली कलंडली. पाण्याची एक लांब पट्टी काचेवरून घसरत खाली आली आणि उरलेलं पाणी हवेत फुटून पट्टीच्या आत पडलं. 'ए हळू! हळू रे! घाई करू नको!' खंडू ओरडला. त्यानं शिटी वाजवली. रस्त्यावरची दोन-तीन माणसं थांबून वर बघायला लागली. फळी मध्येच गर्रकन फिरली, त्याची पाठ काचेकडे झाली आणि तो तसाच अधांतरी फिरत राहिला, एक वेढा, दुसरा वेढा. ती मोजत होती, मजले मोजत होती, तेरा, बारा, पुन्हा चुकत होती, पुन्हा तेरा. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं आणि आठवलं ते फक्त तिचंच वाक्य, पुढचं आपोआप पडतं. पडतं. हाच शब्द का लिहिला आपण? दुसरा शब्द नव्हता? तो अजून फिरतोय. आता कान वाजत असेल का? त्याला ती भिंत कुठे, आभाळ कुठे, हे कळत असेल का? आपण आलोच नसतो तर तो या क्षणी निवांत एक काच पुसत असता. जिवंत, खात्रीनं जिवंत. तिनं डोळे मिटले, मग मिटायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून उघडले. त्यानं पाय लांब करून काचेला टेकवला होता. फळी थांबली. मग तो हळूहळू, एकेक हात दोर सोडत, खाली आला.

बूट जमिनीला लागले तसा तो कमरेला अडकवलेला दोराचा आकडा न काढताच पुढे झेपावला आणि दोरानं त्याला मागे खेचलं. शेलाटा, कानांवर पिकलेले केस, अंगावर पाण्याचे ओघळ. तो इकडेतिकडे बघत होता, ज्या बहिणीला शोधत होता ती त्याला दिसत नव्हती.

'खंय आसा ती? आवशीक काय झाला?'

'आई बरी आहे,' समीक्षा घाईनं म्हणाली. 'घरी सगळं ठीक आहे. काही झालेलं नाही.'

तो तिच्याकडे बघतच राहिला. छाती जोरात वरखाली होत होती. 'मग तुम्ही कोण?'

'तुम्ही मार्तंड सरांना पत्र लिहिलं होतंत.'

त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि ते बघणं तिला सगळ्यात कठीण गेलं. 'सरांनी पाठवलं तुम्हाला? सरांनी बघितलं मला खिडकीतून?'

'सरांनी नाही बघितलं. सर पत्रं वाचत नाहीत. मी वाचते. तुम्हाला ते उत्तर मी लिहिलं, माझ्या घरी बसून.' एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. 'आणि तुमचं पत्र मी पुरतं वाचलं नव्हतं. कानाचं वाचलंच नव्हतं. मला वाटलं तुम्ही ऑफिसात आहात. मला वाटलं साहेबाची भीती वाटते तुम्हाला.'

तोरस्करनं ओले हात पँटला पुसले. 'बायकोनं ते कागदावर उतरवून देव्हाऱ्यात ठेवलंय,' तो म्हणाला.

खंडू जवळ आला होता. 'कानाचं काय? काय रे रामनाथ? चक्कर येते तुला?'

'कायपण नाय. ही बाई चुकून आलीय.' त्यानं वाकून बादली उचलली. 'चल, मी जातो वर. काचांची अर्धी ओळ राहिलीय.'

'नका जाऊ,' समीक्षा म्हणाली, आणि तिनं त्याच्या कमरेचा पट्टा धरला. आयुष्यात कधी परक्या माणसाला असा हात लावला नव्हता. पट्टा ओला, जाड होता, तिच्या मुठीत मावत नव्हता.

'सोडा बाई.' तो ओरडला नाही. 'परवा वर जा म्हणालात. आज खाली ये म्हणता. तुमचं कुठलं ऐकायचं मी?'

ती उत्तर शोधत होती. सर काय म्हणाले असते? वाक्य येईना. मागून मोटारींचे हॉर्न वाजत होते आणि खंडू दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

'मला माहीत नाही,' ती म्हणाली. 'पण मी पट्टा सोडणार नाही.'

त्यानं तिचा हात झटकायला आपला हात उचलला. तो हात मध्येच थांबला. त्यानं मान किंचित डावीकडे कलती केली, दूर कोणी हाक मारावी आणि ती नीट ऐकावी तशी. चेहऱ्यावरचा रंग गेला. बादली सुटून पडली. त्याचे डोळे एका बाजूला सरकू लागले, परत जागेवर यायचे, पुन्हा सरकायचे, आणि तो आडवा जाऊ लागला, सरळ भिंतीसारखा. समीक्षानं दोन्ही हातांनी त्याला धरलं. ती त्याला पेलू शकली नाही, दोघंही पट्टीच्या आतल्या ओल्या लादीवर बसले. तो लादीला चाचपत होता, नखांनी धरू बघत होता. मग उलटी झाली.

पंधरा मिनिटं, त्यानं लिहिलं होतं. खाली आल्याला पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. समीक्षाची नजर आपोआप वर गेली, जिथे त्यानं अर्धी ओळ सोडली होती. तिथे पुसलेली काच आणि न पुसलेली काच यांच्यामध्ये एक तिरकी रेघ दिसत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ती रेघच तिला दिसत राहिली, आणि फळीवर बसलेला तो, आणि सकाळी लेखाचा पाचवा मुद्दा लिहिणारी ती, आणि मेल उघडायला अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर.

खंडू उकिडवा बसला. त्यानं शिवी दिली, कोणाला ते कळलं नाही. मग त्यानं तोरस्करच्या कमरेचा आकडा काढला, पट्टा सैल केला, एकेक बक्कल सोडवलं आणि सगळं गोळा करून आपल्या खांद्यावर टाकलं. 'चौदा वर्षं,' तो समीक्षाला म्हणाला. 'माझ्याआधीपासून आहे हा लाइनीत. आता दोरीवर नाय बसवता येणार त्याला. मी बसवला तर माझी वाट लागेल.' तोरस्करचे डोळे मिटलेले होते, पण बक्कलांचा आवाज त्याला कळला असणार. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं.

'रिक्षा थांबवा कुणीतरी,' समीक्षा म्हणाली. 'हॉस्पिटलला नेऊ यांना. मी जाते सोबत.' हा आवाज तिला ओळखीचा वाटला नाही. तो सरांचाही नव्हता. तिच्या मांडीवरच्या ओढणीत फोन थरथरत होता. तिनं नाव बघितलं नाही.

खंडू रस्त्याकडे गेला. तोरस्करनं चाचपडत तिचं मनगट पकडलं. पकड इतकी घट्ट होती की तिची बोटं बधिर झाली. त्याचे ओठ हलले. तिला ऐकू येईना म्हणून ती खाली वाकली.

'सर,' तो म्हणत होता, 'सर, मी खाली इलंय मा?'

ती कोण, हे त्याला सांगून झालं होतं. ती पुन्हा सांगत बसली नाही.

'आलात,' ती म्हणाली. 'खालीच आहात तुम्ही. जमिनीवर.'

त्याला खरं वाटलं नाही. त्यानं दुसराही हात पुढे केला, आणि तिनं तोही धरला.